कासवाच्या बाई

मी आज जो काही आहे तो कोणामुळे, असं मला विचारलं की मी शाळेचं किंवा कॉलेजचं नाव सांगत नाही. रेजिना बाईंचं सांगतो. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि पदवी घेतलेला तर आजूबाजूच्या चार घरांतही पहिलाच. त्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे, खाली कोणा मोठ्या माणसाची सही आहे. पण तो कागद हातात घेतला की मला दिसते ती बाईंच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.

आमच्या निर्मळ गावात घरोघरी फुलांची वाडी. संध्याकाळी बायका अंबाड्यावर अबोलीचा, मोगऱ्याचा गजरा माळत. बाईंच्या अंबाड्यात मात्र बारा महिने पेन्सिल असायची, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, जातानासुद्धा. वर्गात आमच्या वह्या त्या त्याच पेन्सिलीने तपासत. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, बाकीचे सगळे लाल शाईने तपासतात, तुम्ही का नाही?" बाई म्हणाल्या, "अरे, पोरगं चुकलं म्हणून त्याच्या वहीतून रक्त कशाला काढायचं? पेन्सिलीची चूक खोडता येते. तू सुधारलास की मी खोडीन." आणि त्या खरोखर खोडत. वर्षाच्या शेवटी वही उघडली तर आपण कधी चुकलोच नव्हतो असं वाटायचं.

पेन्सिलीचं दुसरं काम कासवांशी होतं. त्यावरूनच गाव त्यांना 'कासवाच्या बाई' म्हणे. त्यांच्या वाडीत बावखल होतं. बागायतीला पाणी मिळावं म्हणून आमच्या भागात वाडीतच चौकोनी तळं खणत, त्याला बावखल म्हणतात. पाणी स्वच्छ राहावं म्हणून बाईंच्या वडिलांनी त्यात काळी कासवं सोडली होती. मी पाहिली तेव्हा दोनच उरली होती. मादी आकाराने मोठी, म्हणून तिचं नाव 'मोठी'. नराचं नाव 'कारभारी'. "कारभारी का?" असं मी विचारलं तेव्हा बाई गंभीरपणे म्हणाल्या, "कारण तो उन्हात बसतो आणि काही करत नाही." शाळा सुटली की त्या बावखलाच्या पायरीवर बसून पिकलं केळं कुस्करून पाण्यात टाकत, आणि कासवांशी ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात आम्हाला भूमिती शिकवत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "वेळ कुठे मिळाला? पेपर तपासत होते."

थंडी सुरू झाली की मोठी बावखलातून वर येई, बांधावर मागच्या पायांनी खड्डा करी, त्यात अंडी घालून माती सारखी करी आणि मागे वळून न पाहता पाण्यात जाई. पुढचं सगळं बाईंकडे. बांधावर मुंगसांचा राबता. म्हणून बाई ती अंडी हलक्या हाताने काढून सुरक्षित जागी नेऊन पुरत. त्यात त्यांचा एक नियम फार कडक होता. अंडं जसं पडलं आहे तसंच उचलायचं, वरची बाजू खाली होऊ द्यायची नाही. "कोंबडी अंड्यावर बसते, ते रोज उलटते. कासवाला ती सवड नाही. मग ज्या अंगावर पडलं त्याच अंगावर आतला जीव धरतो. उलटलंस की गेला." म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला त्या पेन्सिलीने लहानसा क्रूस काढत. मला वाटलं, आशीर्वाद असेल. त्या म्हणाल्या, "दोन रेघा मारायला सोप्या म्हणून काढते. देवाचा काही संबंध नाही. देवाच्या भरवशावर ठेवलेली आजवर सगळी मुंगसाने खाल्लीत."

हे थट्टेने म्हटलं तरी खरं होतं. कधी मुंगूस, कधी मुंग्या, कधी अवेळी पाऊस. बाईंनी आपल्या बावखलात एकही पिल्लू पाहिलेलं नव्हतं. दरवर्षी थंडीत त्या "यंदा बघ" म्हणत आणि उन्हाळ्यात तो विषय काढत नसत.

मी त्यांच्याकडे कसा पोहोचलो ते सांगायला हवं. आम्ही मूळचे चांदीप गावचे. भातशेती थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून बाबा निर्मळला एका केळीच्या वाडीत गडी म्हणून राहिले. वाडीच्या टोकाला आमची झोपडी. आमचं आणि बाईंचं कुंपण एक. दहावीच्या वर्षी बाईंनी कुंपणावरून बाबांना सांगितलं, "पांडूभाऊ, तुमच्या जनूला संध्याकाळी आणि रविवारी माझ्याकडे पाठवा." फी किती, असं बाबांनी विचारलं तेव्हा बाई नुसत्या हसल्या. ते हसणं बाबांना जड गेलं. रोज जेवताना ते आईला म्हणत, "फुकट शिकनं पोराच्या अंगाला लागनार नाय. बाईंला कायतरी द्यायला पायजे."

माझी बोली चांदीपची. शाळेत मी 'पानी' म्हटलं की मुलं हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "घरी पानी म्हण, पेपरात पाणी लिही. तहान दोन्हीने भागते." तरीही माझी लाज गेली नाही. ती फक्त माझ्यावरून उठून बाबांवर जाऊन बसली. बाबा मला न्यायला बाईंच्या फाटकाशी आले की ते तोंड उघडायच्या आत मी दप्तर घेऊन धावत सुटत असे. घरी मी बाईंकडचं काही सांगत नसे आणि बाईंकडे घरचं काही बोलत नसे. खरं कुंपण काट्यांचं होतं, त्यातून कोंबड्यासुद्धा ये-जा करत. माझ्या मनातलं जास्त पक्कं होतं.

त्या वर्षी नाताळच्या थोडं आधी मोठीने अंडी घातली. शनिवारची दुपार होती. बाईंनी एकेका अंड्यावर खूण केली, मी सुपात वाळू घेऊन उभा होतो, त्या वाळूत त्यांनी ती मांडली. यंदा जागा नवी शोधली होती. आमच्या कुंपणालगत ऊन चांगलं येई आणि माती भुसभुशीत होती. तिथे पुरून वर एक कौल ठेवलं. वरून बसवायला तारेची जाळी त्या सोमवारी बाजारातून आणणार होत्या. "एक रविवार तर काढायचा," बाई म्हणाल्या. घरी जाऊन मी ह्यातलं काही बोललो नाही. नेहमीसारखाच.

रविवारी सकाळी बाई मिस्सेला गेल्या. परत आल्या, चहा घेतला, आणि मला ओट्यावर बीजगणिताची उदाहरणं घालून बसल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा होते. अंगात लग्नाकार्याचा धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात ॲल्युमिनियमचा डबा आणि त्यावर केळीचं पान. आज मला धावत सुटता आलं नाही, कारण ते मला न्यायला आले नव्हते.

"या पांडूभाऊ, वर या," बाई म्हणाल्या.

बाबा ओट्याच्या पायरीवरच बसले. "बाई, तुमी देवळात गेल्या तवा तुमच्या कुंपनाची ही बाजू साफ केली. लय झाडोरा झाला होता."

"अहो, कशाला? सांगितलं असतं तर मी माणूस लावला असता."

"तुमी पोराला शिकवता तवा मी सांगतो का, मानूस लावा म्हनून?" बाबा आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. मग त्यांनी डबा पुढे सरकवला. "आनि हे बघा. कुंपन झाडताना एक पडकं कौल उचललं, तर खाली मातीत गावली. आमच्या चांदीपला बांधात गावली तर लोक शेजाऱ्यालाबी सांगत नाय. मी म्हटलं, नाताळ आलाय बाईंचा, ह्ये त्यांनाच द्यायचं. पोराच्या आयनं मीठ टाकून उकडलीत."

त्यांनी पान उचललं. डब्यात लांबट पांढरी अंडी होती. वरच्या अंड्यावर, फिकट झालेल्या, पण स्पष्ट दिसणाऱ्या दोन रेघा होत्या.

"कसले डाग हायत कोन जाने," बाबा म्हणाले. "राखेनं घासले, गेले नाय. पन आत चांगली हायत. मी एक फोडून बघितलंय."

मी बाईंकडे पाहू शकलो नाही, डब्याकडेही नाही. मी बाबांकडे पाहत होतो. त्यांच्या तेल लावलेल्या केसांकडे, सदऱ्याच्या वर आलेल्या कॉलरकडे, कौतुकाची वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडे. ह्या क्षणी हा माणूस माझा कोणी नसता तर, असं मला वाटत होतं. वाटलं ते तसंच होतं.

बाईंनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "जनू, आतून बशा आण. आणि मिरपूड."

मी आणल्या. बाईंनी वरचं अंडं उचललं, रेघांची बाजू तळहाताकडे वळवली आणि सोलायला घेतलं. कासवाचं अंडं कितीही उकडलं तरी त्याचा पांढरा भाग कोंबडीच्या अंड्यासारखा घट्ट होत नाही, चिकासारखा लिबलिबीत राहतो. बाईंनी त्यावर मिरपूड टाकली आणि ते अंडं खाल्लं. सगळं. सावकाश. मग पदराने ओठ टिपून म्हणाल्या, "चांगलं आहे हो. वहिनींचं मीठ बरोबर पडलंय."

बाबांचा चेहरा असा फुलला की मला आजही तो आठवला की मान खाली जाते.

"तुम्ही पण घ्या एक," बाई त्यांना म्हणाल्या. "एकटीला गोड लागत नाही." त्यांनी एक बशी बाबांपुढे ठेवली, एक माझ्यापुढे.

"मला भूक नाही," मी म्हणालो.

"जनू, खा. बाबांनी आणलंय." हा आवाज वर्गातला होता. मी खाल्लं. चव आठवत नाही.

जाताना बाबा फाटकाशी वळून म्हणाले, "पुढच्या वर्षीबी बघीन बाई. तिथंच घालत असतील."

ते गेले. बाईंनी बशा स्वतः विसळल्या. परत येऊन ओट्यावर बसल्या, माझी वही पुढे ओढली आणि तीत डोकं घालून म्हणाल्या, "'मोठी' पुढच्या वर्षीही अंडी घालेल. पण मघाशी तुझं तोंड कसं झालं होतं ते बाबांनी पाहिलं असतं, तर ते मी कुठे जाऊन भरून आणणार होते?" पुढे एवढंच म्हणाल्या, "हे गणित पुन्हा कर. चिन्ह चुकलंय."

त्यानंतर मी काही दिवस गेलो नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतं. अंड्यांची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, माझं तोंड बाईंनी पाहिलं ह्याची. शेवटी बाईच कुंपणाशी आल्या. मी झोपडीत होतो, कुडाच्या फटीतून ऐकत होतो.

"पांडूभाऊ, तुमचं पोरगं कुठाय? परीक्षा त्याची आहे का माझी?"

"डोकं दुखतंय म्हनतो."

"त्याला सांगा, दुखतंय म्हणजे डोकं आहे. ते घेऊन ये." मग त्यांचा सूर बदलला. "आणि तुमच्याकडे एक काम होतं. पुढच्या वर्षी ती अंडी मला खायला नकोत. पिल्लं निघतात का ते बघायचंय. शाळेत मुलांना दाखवता येतील. मला एकटीला राखता येत नाहीत, मुंगूस येतो. तुम्ही राखाल?"

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "मुंगसाचं मी बघतो."

फी न घेणाऱ्या बाईंनी काहीतरी मागितलं, ह्याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्यांनीच मला दंडाला धरून बाईंच्या ओट्यावर नेऊन बसवलं. मी परीक्षा दिली, पास झालो, कॉलेजात गेलो.

पुढच्या थंडीत मोठी वर आली तेव्हा बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. रविवार होता, मीही होतो. बाबांनी बांबूच्या कामट्यांचा पिंजरा आधीच विणून आणला होता, त्यात मुंगसाचं नाकसुद्धा शिरलं नसतं. वाळूचं सूप ह्या वेळी त्यांच्या हातात होतं. बाईंनी माती बाजूला केली, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पहिल्या अंड्यावर दोन रेघा मारल्या.

मला वाटतं, बाईंना क्षणभर विसर पडला असावा. किंवा नसेलही. लपवून काम होणार नव्हतं, आणि खोटं त्यांना फार दिवस सांभाळता येत नसे.

बाबा त्या अंड्याकडे बघत राहिले. सूप हातातच होतं.

"बाई, ही रेघ..."

"खूण आहे. वरची बाजू कळावी म्हणून."

"मी राखेनं घासली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हंजे तुमी आदीपासून... आनि माझ्यासमोर खाल्लंत."

"पांडूभाऊ, सूप हलतंय."

"बाई, मला ठाव नव्हतं."

"मला ठाऊक आहे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि चांगलं लागलं होतं, हे मी खोटं सांगितलेलं नाही. हात स्थिर ठेवा. ह्यांना धक्का चालत नाही."

बाबांनी हात स्थिर ठेवले. सगळी अंडी सुपात मांडून होईपर्यंत ते हलले नाहीत. मग कुंपणालगतच्या त्याच जागी ती पुरली, वर पिंजरा बसवला, दगड लावले आणि फाटकाबाहेर गेले. त्यानंतर ते बाईंच्या फाटकाच्या आत कधी आले नाहीत. राखण मात्र चुकवली नाही. कुंपणाच्या आमच्या बाजूने रोज दोनदा जाऊन पिंजरा बघत, मुंग्यांसाठी भोवती राख टाकत.

उन्हं तापायला लागली तेव्हा पिल्लं निघाली. सगळ्या अंड्यांतून नाही, पण निघाली. बाईंनी हाक मारली म्हणून मी आणि बाबा धावलो. बाबा फाटकाशी थांबले. "आत या की," बाई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. तेव्हा बाईंनी एक पिल्लू तळहातावर घेतलं, फाटकापर्यंत चालत आल्या आणि ते बाबांच्या हातावर ठेवलं. रुपयाएवढं पिल्लू, चार पाय फाकून नुसतं बसलं होतं. बाबा म्हणाले, "डोळं उघडंच हायत की ह्याचं." बाई हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांनी त्यांनी आपल्या बावखलातलं पिल्लू पाहिलं होतं. आणि ते मी पाहतोय त्याच वेळी, फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे ही दोन माणसं उभी होती, त्यांच्यामधलं अर्धं कुंपण तरी माझं आहे, हेही मला कळत होतं. मी एका शनिवारी घरी चार वाक्यं बोललो असतो तर.

माझं कॉलेज चालू असतानाच बाईंच्या भावांनी वाडी विकली. भराव टाकून बावखल बुजवायचं ठरलं. बाई एकट्या, त्या फुलपाड्याला भाचीकडे राहायला गेल्या. कासवं आणि पिल्लं बाबांनी टोपलीत ओला पाचोळा घालून चांदीपच्या तळ्यात नेऊन सोडली. ती टोपलीसुद्धा त्यांनी फाटकाबाहेर उभं राहूनच घेतली. पुढे आम्हीही चांदीपला परतलो.

बाबांमधला एक बदल मला उशिरा उमगला. ते कोणाच्याही घरी जाताना काही नेईनासे झाले. आमच्याकडे रीत अशी की पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, निदान पडवळ, दोन नारळ, मूठभर वाल. बाबा लग्नाबारशालाही हात हलवत जाऊ लागले. आई चिडली की म्हणत, "आपल्याला काय कळतंय, कोनाचं काय असतं ते." लोक त्यांना चिक्कू म्हणू लागले. ते ऐकून घेत.

बी. ए. चा निकाल लागला त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. त्या चुका काढतील म्हणून आधी कच्चं लिहून काढलं होतं. तो कागद राहिला आहे, म्हणून ते पत्र जसंच्या तसं देता येतं:

"आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. मी बी. ए. झालो. दुसरा वर्ग मिळाला. पहिला मिळाला नाही, त्याबद्दल तुम्ही रागावाल, पण थोडंच रागवा. नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज केले आहेत.

निकाल कळल्यावर बाबांनी आधी तुमचं नाव घेतलं. त्यांना तुमच्याकडे येऊन तुम्हाला भेटायचं आहे. असं ते पहिल्यांदाच म्हणाले. मी त्यांना ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घेऊन येतो.

बाई, एक विनंती आहे. कशी लिहावी ते कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. अंड्यावरची रेघ ओळखली त्या दिवसापासून बाबा कोणाकडे काही घेऊन जात नाहीत. तुमच्याकडेही रिकाम्या हातानेच यायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि त्यामुळे रात्रंदिवस चुळबुळत आहेत. मी सांगून ते ऐकणार नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना धीर येईल, असं तोंड मी त्यांना कधी दाखवलेलंच नाही.

तुम्ही त्यांच्या नावाने एक कार्ड टाका. मी वाचून दाखवीन. त्यात लिहा की येताना चांदीपहून मला अमुक एक वस्तू आणा. काय ते तुम्ही ठरवा. तांदूळ, वाल, काहीही. तुम्ही मागितलंत तर ते आणतील. जड असलं तरी चालेल. उचलायला ते आहेत, आणि वाटेत हात बदलायला मी आहे.

तुमचा विद्यार्थी,
जनू"